सहावी बशी

आपा कपाट आणायला म्हणून चितेगावला गेल्या आणि भट्टी घेऊन घरी आल्या.

औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरचा एक कारखाना बंद पडला होता. विजेच्या खांबांवर बसवतात ते चिनी मातीचे पांढरे लट्टू तिथं बनायचे. सामानाचा लिलाव निघाला, तेव्हा भाचीच्या लग्नात द्यायला एखादं दणकट लोखंडी कपाट मिळावं एवढ्याच विचारानं आपा तिथं पोहोचल्या. शेडच्या कोपऱ्यात त्यांना ते दिसलं. राखाडी रंग, वीतभर जाडीचं दार, दाराला बाहेरून मोठा खटका. उघडून बघायची त्यांना गरज वाटली नाही. ज्याचं दार एवढं जाड ते आतून मजबूतच असणार. टेम्पोतून उतरवताना हमालांनी तोबा तोबा केलं. शहागंजच्या घराच्या अंगणात, सगळ्या नातेवाइकांच्या आणि खुद्द नवरीच्या देखत आपांनी दार उघडलं, तर आत विटाच विटा, आणि विटांच्या खाचांमधून तारांची वेटोळी.

आपांनी सगळा जन्म मुलींच्या उर्दू शाळेत सायन्स शिकवलेलं. सायन्सच्या टीचरला भट्टी ओळखू येऊ नये, याचं नातेवाइकांना कोण हसू आलं. आपा म्हणाल्या, "हसा हसा. मेरेकू मालूम था." या वाक्यावर त्या शेवटपर्यंत ठाम राहिल्या. भाचीला दुसरं कपाट घेऊन दिलं.

भट्टी परत करायची सोय नव्हती आणि भंगारात द्यायला मन होत नव्हतं. त्यात आपांचा स्वभाव असा, की घरातली एकही वस्तू बिनकामाची बसलेली त्यांना खपत नसे. शिलाई मशीन रिकामं दिसलं की शेजारच्या एखाद्या सुनेला हाक मारून त्यावर बसवायच्या. पाटा मोकळा दिसला की गल्लीत कुणाला काही वाटायचंय का म्हणून विचारून यायच्या. मग भट्टीसाठी त्यांनी कुंभार शोधायला सुरुवात केली. लोक आधी भांडी घडवायला शिकतात आणि मग भट्टी शोधत वणवण करतात. आपांकडे भट्टी आधी आली आणि कलावंत नंतर.

तो कलावंत म्हणजे मी. कला महाविद्यालयात सिरॅमिक शिकलो होतो, पण कॉलेजातली भट्टी मी पहिल्या वर्षाला असताना बिघडली होती आणि मी शेवटचं वर्ष पास झालो तरी ती दुरुस्त करावी की नको याचा विचार चालूच होता. माझी निम्मी भांडी कच्चीच राहिली आणि पावसाच्या पाण्यात विरघळून गेली. शहागंजात एका बाईकडं भट्टी आहे, एवढं ऐकून मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. पांढरीशुभ्र ओढणी घेतलेल्या, उंच, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईनं मला आपादमस्तक बघून घेतलं.

"गाव?"

"वैजापूर."

"वैजापूर, तू रोज भांडे करतो, का मूड लागला तर करतो?"

"रोज करतो."

"गच्चीवर खोली हाय. पण भट्टी आठ दिवस खाली बसली, की तुझं सामान गल्लीत. मंजूर?"

मी मंजूर म्हटलं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही. त्या घरात मी वैजापूर होतो. दूधवाला मला वैजापूर म्हणायचा, पोस्टमन वैजापूर म्हणायचा, आणि माझे वडील भेटायला आले तेव्हा त्यांचं "वैजापूरचे अब्बा" असं बारसं झालं.

भट्टीची एवढी काळजी करणाऱ्या या बाईंनी मातीला मात्र कधी हात लावला नाही. माझं भांडं बघायचं असलं तर सांडशीत धरून बघायच्या, गरम असो की थंड. "जिंदगीभर खडूनं हात पांढरे केले, आता काळे नाय करणार," असं म्हणायच्या. चाकाजवळून जाताना ओढणी अशी आवरून घ्यायच्या, की जणू मीच त्यांच्यावर चिखल उडवायला टपून बसलोय.

त्यांच्याकडे चहाचा एक जुना विलायती सेट होता. पांढऱ्यावर निळ्या बारीक वेली, आणि काठाला सोनेरी रेघ. सहा कप आणि पाच बश्या. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत लोकांनी सोनंनाणं जमिनीत पुरलं. आपांच्या अम्मीनं हा सेट पुरला. रजईत गुंडाळून, अंगणातल्या जांबाच्या झाडाखाली. सगळं शांत झाल्यावर खणून काढला तर एकाही कपाला ओरखडा नव्हता, पण एक बशी काही सापडेना. अंगण पुन्हा पुन्हा खणलं, शेवटी जांबाचं झाड गेलं, बशी नाही ती नाहीच. आपा तेव्हा शाळकरी पोर होत्या. बशी कुणी पळवली यावर त्यांच्या घरात पुढं कितीतरी वर्षं भांडणं होत राहिली आणि प्रत्येक भांडणात संशयित नवा असायचा.

तर बिनबशीचा तो कप कुणाच्या वाट्याला येतो, यावरून त्या घरात तुमची जागा ठरायची. पाहुण्याला बशी. नातेवाइकाला बशी. बिनबशीचा कप फक्त घरच्या माणसाला. "बशी परक्याला द्यायची. घरच्याला हात असतात," असा आपांचा नियम. मला सुरुवातीला चहा बशीसकट मिळायचा. मग एका सकाळी, न सांगता न सवरता, नुसता कप हातात आला. बोटं भाजली. पण त्या दिवसापासून सामान गल्लीत जायची भीती मी सोडून दिली.

भट्टी लावायचा दिवस म्हणजे गल्लीत सण असायचा. आपा सकाळीच गच्चीच्या कठड्याशी उभ्या राहून वर्गात ओरडावं तसं ओरडायच्या, "आज भट्टी हाय! इस्त्री करून घ्या! पाणी चढवून घ्या! नंतर मेरेकू बोलू नका!" भट्टी चालू झाली की वीज कमी पडून गल्लीतले पंखे म्हातारे व्हायचे. टीव्हीवरची माणसं आखूड दिसायची. शेजारी एक कबूतरवाले चाचा राहायचे. बायको नाही, मुलं नाहीत, नुसती गच्चीभर कबुतरं. ते भिंतीवरून डोकं काढून कुरकुरायचे, "आपा, तुमची भट्टी लागली का माझे पाखरं उतरत नाहीत. गरम हवेत वरच्या वर फिरत बसतात."

"मग फायदाच झाला की तुमचा! लोक कबूतर जास्त उडावं म्हणून बदाम चारतात."

चाचा विचारात पडायचे.

खरा कार्यक्रम त्याच्या आधी, भट्टी भरताना असायचा. दोन भांड्यांच्या मधे रिकामी जागा राहिलेली आपांना बघवायची नाही. मी माझी भांडी मांडून बाजूला झालो की त्या सांडशी घेऊन पुढं यायच्या आणि राहिलेल्या फटींमधे हाताला येईल ते ठेवायच्या. खजुराच्या बिया. गंजलेलं कुलूप. अंड्यांची टरफलं. मटणाची नळी. चाचांच्या गच्चीवर सापडलेलं पीस एकदा मातीत गुंडाळून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दार उघडताना मी माझ्या भांड्यांकडं धावायचो आणि आपा त्यांच्या कुलपाकडं. "देख! देख! कुलूप रडलं!" कुलपाची काळी पापुद्र्यांची राख खाली सांडलेली असायची. अंड्याचं टरफल तसंच्या तसं, पांढरंफेक निघालं होतं. आपांनी ते बशीत ठेवलं, आणि आठवडाभरात त्याचं आपोआप पीठ झालं. त्या इतक्या खूश झाल्या की निवृत्त होऊन एवढी वर्षं झालेल्या बाईंनी मला समोर बसवून चुन्याचा अख्खा धडा शिकवला. टरफल भाजलं की कळीचा चुना होतो, तो हवेतलं पाणी पितो, फुगतो आणि फुटतो. मी जांभई दिली तर माझ्या दिशेनं खडू आला. खडू कुठून आला हे मला आजही माहीत नाही.

आता मुलं मला विचारतात, सर, प्रेरणा कुठून घेता? मी काहीतरी बरं दिसेलसं बोलतो. खरं उत्तर आहे ते आपांचं. एकदा मी दोन दिवस चाकाशी नुसता बसून होतो. आपांनी विचारलं, "काय झालं? बीमार हाय?"

"सुचत नाही आपा."

"म्हणजे?"

"म्हणजे आतून काही येत नाही."

"आतून काइकू येईल? आत जेवण हाय. बाहेर बघ."

त्या ओढणी डोक्यावर घेऊन बाहेर पडल्या आणि बांगड्यांच्या दुकानातून फुटक्या बांगड्यांची पिशवी घेऊन आल्या. "सुचत नाय तर जे हाय ते टाक." मी वैतागून एका वाडग्यात मूठभर काचा टाकल्या आणि भट्टीत सारला. दार उघडलं तेव्हा वाडग्याच्या तळाशी हिरवंनिळं पाणी साचल्यासारखी काच वितळून बसली होती, बारीक बारीक तडकलेली. मी तो वाडगा हातात घेऊन उन्हात उभाच राहिलो. पुढं त्याच वाडग्यांनी मला नाव मिळवून दिलं. आपांनी सांडशीनं उचलून बघितला आणि म्हणाल्या, "अच्छा हाय. लाल बांगडी का नाय टाकली?"

प्रेरणेपेक्षाही त्यांना 'मौका' या शब्दाचं जास्त वेड होतं. माझ्यासारख्या माणसाला मौका मिळाला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं, आणि मग रस्त्यात दिसेल त्या माणसात त्यांना मौका दिसायला लागला. दात काढायला गेल्या तर तोंडात बोळा असताना डॉक्टरला म्हणाल्या, "तुमच्याकडं लोक थुंकतात कशात? स्टीलमधे? छे!" मी त्या डॉक्टरसाठी निळ्या काचेचं पीकदान बनवलं. ते इतकं देखणं झालं की पेशंट त्यात थुंकायला लाजायचे आणि शेवटी डॉक्टरनं त्यात मनीप्लांट लावला. कबूतरवाल्या चाचांसाठी पाणी प्यायची भांडी केली. त्यावर चाचांची अट अशी, की काठ पाखराच्या पायाला गुळगुळीत लागला पाहिजे. आणि तो तपासायला ते एक कबूतर काखेत घेऊन माझ्या खोलीत यायचे. कबुतराला पसंत पडेना. मी काठ चारचारदा बदलला. नंतर कितीतरी मोठ्या गॅलऱ्यांमधे माझं काम लागलं, पण त्या कबुतराइतकं बारकाईनं ते कुणी पाहिलं नाही.

हे सगळं मजेत चाललं होतं, पण माझ्या डोक्यावर एक टांगती तलवार होती. वडिलांची वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची अडत. मी एकुलता एक. त्यांनी मला मुदत दिली होती: उन्हाळ कांदा निघेपर्यंत काय ते कर, त्यानंतर गादीवर येऊन बसायचं. ती मुदत सांगायला ते स्वतः आले, सोबत कांद्याची गोणी घेऊन. गच्चीवरची माझी खोली, भट्टी, कबुतरांची भांडी, सगळं त्यांनी शांतपणे बघितलं.

"बाई," ते आपांना म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या हायत. खरं सांगा. ह्याच्यात पोराचं काय होईल का?"

आपांनी त्यांना बशीसकट चहा दिला आणि उलट विचारलं, "भाईसाब, हजार डिग्रीत कांद्याचं काय होतं?"

वडिलांचा अख्खा जन्म कांद्यात गेला होता, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "काय होतं?"

"मेरेकू काय मालूम? टाकून बघू. कोणता टाकायचा, तुम्हीच बोला."

वडिलांनी गोणीत हात घालून, गिऱ्हाइकाला दाखवायला काढतात तसा, एक नंबरी कांदा निवडून दिला. ते संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आपांचा फोन वाजला.

"कांद्याचं काय झालं वं?"

"चिमूटभर राख, भाईसाब. पांढरी."

"अन् वास?"

"काय बी नाय."

"आसं व्हय," वडील म्हणाले आणि बराच वेळ फोन ठेवेनात. मुदत मात्र त्यांनी एका दिवसानंही वाढवली नाही.

त्याच दिवसांत शहागंजच्या पलीकडं ड्रेनेजची खोदाई निघाली आणि खाली जुन्या नहरीचे खापरी नळ लागले. एके काळी अख्ख्या शहराला या मातीच्या नळांतून पाणी यायचं. मजूर तुकडे बाजूला फेकत होते. आपा त्यातला एक अख्खा नळ रिक्षात मांडीवर घेऊन आल्या. मांडीवर! पांढऱ्या कपड्यांवर चिखल, आणि त्यांना पर्वा नव्हती. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो.

"वैजापूर, आत हात घाल."

मी नळात हात घातला. आतल्या बाजूनं, गोल गोल, कुंभाराच्या बोटांच्या रेघा होत्या. माझी बोटं त्या रेघांत बसली. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही, पण डोळ्यांत पाणी आलं, हे खरं.

मी नळ करायचे ठरवले. एकात एक बसणारे, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वळत जाणारे. आणि ते पिशवीतून येणाऱ्या गुजरातच्या मातीचे नाहीत, इथल्या मातीचे. वडिलांना माती मागितली तर म्हणाले, "माती? आपल्याकडं दुसरं हाय काय!" नव्या विहिरीच्या खोदाईतली पिवळसर चिकण माती कांद्याच्या टेम्पोतून आली.

इकडं आपांनी पेपरात वाचलं होतं, की दक्षिणेकडच्या एका संस्थेत तरुण सिरॅमिक कलावंतांना वर्षभर राहून काम करता येतं. अर्ज वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फोन लावला, आणि ट्रंक कॉलपासून एसटीडीपर्यंत जेवढी साधनं होती तेवढी वापरून त्या फोन लावतच राहिल्या. शेवटी तिकडच्या प्रमुख बाई म्हणाल्या, की त्या लेण्या बघायला औरंगाबादला येणारच आहेत. "मग चहाला आमच्याकडं या," आपा म्हणाल्या, "लेण्या कुठं पळून जात नाहीत."

बाई यायला थोडेच दिवस राहिले आणि मी घाईला आलो. माती चाळायची बारीक चाळणी फाटली होती. कोपऱ्यात वडिलांनी आणलेली कांद्याची जाळीदार गोणी पडली होती. म्हटलं, काय फरक पडतो, आणि सगळी माती मी त्या गोणीतून चाळली. कांदा अडेल एवढ्या भोकांतून काय काय गेलं असेल, याचा विचार करायला वेळ नव्हता. नळ भाजून निघाले तेव्हा लालसर, सुरेख दिसत होते. मी ते गच्चीवर मांडले. चाचासुद्धा भिंतीवरून म्हणाले, "वा!"

बाई आल्या. साठीच्या, आखूड केसांच्या, मूळच्या नगरच्या. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आपांनी बशीसकट चहा दिला. बाई एका नळाजवळ वाकल्या, आणि नळातून आवाज आला.

टक.

चण्याच्या डाळीएवढा एक टवका उडाला आणि बाईंच्या बशीत पडला.

नळावर छोटासा खड्डा पडला होता आणि खड्ड्यात पांढरा ठिपका. मी समजलो. चुनखडी. विहिरीच्या मातीतले चुनखडीचे खडे गोणीतून आरामात गेले होते, भाजून कळीचा चुना झाले होते आणि आता हवेतलं पाणी पीत फुगत होते. अंड्याच्या टरफलाचा धडा मी जांभया देत ऐकला होता, तो असा समोर येऊन उभा राहिला. टक. आणखी एक. मी मनातल्या मनात गादीवर जाऊन बसलो, समोर कांद्याचा ढीगसुद्धा दिसला.

आपांनी बशीतला टवका बोटांनी, हो, बोटांनी, उचलला. त्यांच्यातली टीचर जागी झाली. "खामोश!" त्या म्हणाल्या. बाई खामोश झाल्या. "बसा. अजून बोलेल."

त्यांनी बाईंना चुन्याचा धडा शिकवला. बाईंना तो अर्थातच माहीत होता, पण आपांच्या वर्गात मधे बोलायची कुणाची टाप नव्हती. मग आम्ही तिघं चटईवर बसून ऐकत राहिलो. टक. आपा हात वर करून दाखवायच्या, "तो, तिसरा!" भिंतीवरून चाचा म्हणायचे, "नाही, त्याच्या शेजारचा." बाई हसू दाबत होत्या. शेवटी त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "हे तू मुद्दाम केलंस?"

आपा उठून त्यांच्या मागं गेल्या होत्या आणि मला जोरजोरात मान हलवून सांगत होत्या: हो म्हण, हो म्हण.

"नाही," मी म्हटलं. "कांद्याच्या गोणीतून माती चाळली."

आपांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र इतक्या हसल्या की कप खाली ठेवावा लागला. "मग आता? फेकून देणार?"

त्या क्षणी मला एक गोष्ट आठवली. मी खोलीत धावलो आणि नहरीचा तो जुना नळ घेऊन आलो. त्याच्यावर बारीक बारीक खड्डे होते. मला वाटायचं, मजुरांची कुदळ लागली असेल. उन्हात धरून बघितलं तर प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध पांढरा ठिपका.

"बाई, याची पण चाळणी चुकली होती," मी म्हटलं. "तरी पाणी आलं. मला हे फेकायचं नाही. कुठं कुठं फुटतंय ते बघायचंय."

बाईंनी दोन्ही नळांवरून हात फिरवला. जाताना बशीतला तो टवका रुमालात बांधून पर्समधे टाकला आणि मला म्हणाल्या, "ज्या भांड्याला बोलू द्यायचं नसेल, ते भट्टीतून काढल्याबरोबर पाण्यात बुडवत जा. चुना गप्प बसतो."

लेण्या त्यांनी पाहिल्या की नाही, कोण जाणे. पंधरवड्यात फोन आला आणि आपा जिन्याखालून ओरडल्या, "वैजापूर! मौका लागला!" सगळी गल्ली बाहेर आली. चाचांनी सगळी कबुतरं एकदम सोडली.

मी मात्र आधी भट्टीकडं बघितलं. मी आपांना म्हटलं, "मी गेलो तर भट्टी रिकामी बसेल. मी नाही जात."

आपा अशा भडकल्या की चष्म्यातले डोळे दुप्पट झाले. "मी तुला भट्टीचा नोकर ठेवलंय काय? माझी भट्टी हाय, मी बघेन. उठ, चहा पी!"

चहा आला. बशीसकट.

मी बशीकडं बघत राहिलो. "आपा, हे काय?"

"जाणारा माणूस पाहुणाच की," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. तो चहा मला गोड लागला नाही. माझ्यावर रागावल्या असत्या तर चाललं असतं, बशी नको होती.

वडील बसस्टँडवर आले होते. उन्हाळ कांदा निघून महिना होऊन गेला होता. त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. "दुकानात मी हाय अजून," एवढंच म्हणाले. मग बस सुटता सुटता खिडकीशी धावत आले. "तिकडची भट्टी मोठी आसंल ना रं? पिशवीत लसूण हाय, टाकून बघ."

तिकडं मी कामात बुडालो. भट्टी खोलीएवढी, जगभरातली मुलं, समुद्राची दमट हवा. बरेच महिने गेले. मग एक दिवस कुरियरनं खोका आला. आत जुन्या रजईचा तुकडा, आणि रजईत गुंडाळलेला निळ्या वेलींचा, सोनेरी रेघेचा बिनबशीचा कप. माझा कप. आणि त्याच्याखाली एक बशी.

ती विलायती नव्हती. पापडासारखी एका बाजूनं वर आलेली. चकाकीचं ग्लेझ तळालासुद्धा फासलं होतं, त्यामुळं भट्टीतली वाळू बुडाला चिकटून बसलेली. पहिल्यांदा भांडं करणारा प्रत्येक माणूस हीच चूक करतो. मधोमध अंगठ्याचा मोठा ठसा. मी माझा अंगठा त्यात ठेवला. मातीचा रंग ओळखीचा होता, वैजापूरच्या विहिरीची राहिलेली माती. आपांनी, हात काळे करून, स्वतः केली होती. सोबत चिठ्ठीचपाटी काही नाही.

मी त्या बशीवर कप ठेवला. जरा डुगडुगला, पण राहिला. टेबलावर ठेवून मी रोज बघायचो आणि आज फोन करू, उद्या करू म्हणायचो. आठवड्याभरानं, भर दुपारी, टेबलावरून आवाज आला.

टक.

बशीच्या काठावर पांढरा ठिपका होता. मी चप्पल न घालता फोनकडं पळालो.

"आपा! बशी बोलली!"

"कब?" तिकडून जोरात आवाज आला.

"आत्ता. आपा, पाण्यात नव्हती का बुडवली? बाईंनी सांगितलं होतं ना, बुडवायची."

"मालूम होतं मेरेकू."

"मग का नाही बुडवली?"

"बुडवली असती, तर तू फोन केला असता काय?"

फोनमधून चाचांच्या कबुतरांचा आवाज येत होता, आणि कुणीतरी मुलगी गच्चीवरून आपांना हाक मारत होती.

"कोण आहे आपा?"

"कन्नड. कन्नड गावची हाय, खोलीत नवीन आली. दोन दिवस झाले, बोलते सुचत नाय." आपांचा आवाज घाईत होता. "चल, ठेव आता. भट्टी भरायची हाय."